दोन्ही काठांना जिंकवणारी

डोंगा मधल्या पाण्यात आला की ती बांबू आडवा धरून उभी राहायची. डोंगा जागच्या जागी डुलायला लागायचा, बसलेले लोक कडा घट्ट पकडायचे, आणि मग ती विचारायची, "पयले सांगा, तुमी कोन्या काठचे?"

उत्तर मिळेपर्यंत बांबू पुन्हा पाण्यात जात नसे. तुम्ही त्या डोंग्यात असता तर तुम्हालाही सांगावंच लागलं असतं. गोंदियाकडच्या काठचे म्हटलं की ती मान हलवायची, "हाव? मंग आपून जिंकलो." बालाघाटकडचे असले तरी तेवढ्याच खुशीने म्हणायची, "मंग तुमी जिंकले. चला."

बाघ नदीच्या मधोमध ते बेट आहे. फार जुन्या काळी आमच्या काठच्या गढीतले लोक आणि पलीकडून आलेले घोडेस्वार तिथे लढले, एवढंच सगळ्यांना ठाऊक. कोण जिंकलं यावर दोन्ही काठांचं कधी जमलं नाही. हिच्याकडे त्यावर सोपा उपाय होता. लढाईच्या जागा तीन: उतरायच्या बाजूची वाळू, मधली चिंच आणि मागचा डोह. त्या क्रमाने ती लोकांना फिरवायची, आणि शेवट डोंग्यात मिळालेल्या उत्तराप्रमाणे व्हायचा.

ती माझ्याच वयाची होती. बाप ढीवर, आयुष्यभर डोंगा चालवलेला. खोकल्याने त्याला धरलं तेव्हा बांबू हिने घेतला आणि त्याच्याबरोबर लढाईही घेतली. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, दातांना गुडाखूची तंबाखू घासून काळपट झालेलं एक बोट, आणि आवाज असा की या टोकाला बोलली तर त्या टोकाचे बगळे उडायचे. माझा आवाज वर्गात दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मला ती आवडत नसे. कारण माझे वडील होते.

बाबा बांधकाम खात्यात होते. नदीकाठच्याच एका गावातून शिकून वर आलेले. आई गेल्यावर त्यांनी मला नागपूरला मिशनच्या शाळेत आणि तिथल्याच वसतिगृहात ठेवलं. सुटीत मी गोंदियाला यायची तेव्हा ते माझ्याशी इंग्रजीत बोलत. माझं इंग्रजी चांगलं राहावं हा त्यांचा हेतू, पण त्या भाषेत आम्हा दोघांकडे फारसं बोलण्यासारखं नव्हतं. अभ्यास, हवा, तब्येत. मग ते वर्तमानपत्र उघडत. काट्याने खायला त्यांनीच मला शिकवलं होतं आणि जेवताना माझा हात बरोबर चालतो का याकडे त्यांचं लक्ष असे.

रविवारी मात्र आम्ही बेटावर जायचो. खात्याची जीप नदीच्या वळणाशी थांबली की बाबांचा चेहरा बदलायला लागायचा. तिची आई बाबांच्या गावची, म्हणून ती त्यांना मामाजी म्हणायची. "मामाजी, मागच्या इतवारी काऊन नाई आले? घोडे तहानले ना तुमचे." आणि बाबा, जे घरी कधी मोठ्याने हसत नसत, ते म्हणायचे, "अवो, सायबाची स्वारी आली होती. काय करू?" तो 'अवो' मी त्यांच्या तोंडून दुसरीकडे कुठेच ऐकला नाही.

लढाई संपली की ती चिंचेखाली डबा उघडायची. डब्यात बासी, म्हणजे रात्री पाण्यात घालून ठेवलेला भात, आणि वर कांदा-मिरची. बाबा मांडी घालून बोटांनी तो भात खायचे, त्यातलं पाणीसुद्धा डबा ओठाला लावून प्यायचे. मी माझं सँडविच कागदातून काढून खात बाजूला बसायची. ती मला विचारायची, "बाई, तुमाले नाई जमत का हे?" मी म्हणायची, भूक नाही. भूक असायची.

मला तिच्यातली खोट शोधायची होती, म्हणून मी तिला फार बारकाईने पाहिलं. म्हणूनच आज मला ती इतकी आठवते.

एकदा एक गुरुजी मुलांना घेऊन आले होते. डोहाजवळच्या खडकात गोल खळगे आहेत. ती ते घोड्यांच्या टापांचे म्हणून दाखवायची. गुरुजींनी मुलांना समजावलं की हे पाण्याने होतात, वर्षानुवर्षं दगडगोटे फिरून. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग मुलांना म्हणाली, "बरोबर हाय गुरुजीचं. पानीच होतं. घोड्यावर बसून आलं होतं." मुलं हसली, आणि गुरुजीही. सगळ्यांत जास्त बाबा हसले. मला गुरुजींची बाजू पटली होती, पण ते सांगायला मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्यांदा तर एक वरातच आली. नवरी आमच्या काठची, नवरदेव पलीकडचा, आणि दोन्हीकडची माणसं एकाच खेपेला. बांबू आडवा धरून तिने विचारलं आणि दोन उत्तरं एकदम आली. मला वाटलं, आता सापडली. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "नवरीकडचे चिंचेखाली जिंकतीन, नवरदेवाकडचे डोहावर. वाळूत कोनीच नाई, तिथं जेवन हाय." वरात खूश. त्या दिवशी परतताना न राहवून मी तिला विचारलं, की एकच लढाई दोन्ही बाजूंनी कशी जिंकली असेल? मी हे शक्य तितक्या थंडपणे विचारलं.

ती बांबू टाकत म्हणाली, "लढाई एकच झाली बाई. पन मेले त दोन्हीकडचे. त्यायच्या घरच्यायले हरले मनून सांगू का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्याकडे पाहिलं तसं त्यांनी माझ्या एखाद्या वाक्यानंतर पाहावं म्हणून मी काय वाट्टेल ते केलं असतं. माझ्याजवळ तसं वाक्य नव्हतं.

मी बी.ए. झाले त्या वर्षीची गोष्ट. पुढे काय, हे बाबांनी ठरवून टाकलं होतं: जबलपूरला मावशीकडे राहून एम.ए. करायचं. मला गोंदियात राहायचं होतं. त्यांच्या घरात, त्यांच्याबरोबर. इतकी वर्षं वसतिगृहात, दुसऱ्यांच्या घड्याळांवर काढल्यावर मला तेवढंच हवं होतं. महिनाभर मी रोज सकाळी चहाच्या वेळी ते सांगायचं ठरवायची आणि साखरेचं भांडं पुढे करून गप्प बसायची. बाबांना वाटायचं, मला इथे करमणार नाही. "इथे तुझं काय आहे?" ते इंग्रजीत म्हणाले होते. काय आहे ते माझ्यासमोरच बसलं होतं.

मावशीकडे जायच्या आधीच्या रविवारी नागपूरहून बाबांचे वरिष्ठ पुलासाठी जागा बघायला आले. दक्षिणेकडचे गृहस्थ, मराठी येत नाही, हिंदी चार शब्द. काम आटोपल्यावर बाबांनी त्यांना बेट दाखवायचं ठरवलं. ती सांगेल आणि मी इंग्रजीत करून द्यायचं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. निदान एक रविवार माझ्यावाचून अडणार होता.

पण झालं काय, की तिने एक वाक्य बोलावं, हात फेकावे, साहेबांनी तिच्याकडे बघत हसावं, आणि मग मी ते वाक्य इंग्रजीत म्हणावं तेव्हाही त्यांनी तिच्याकडेच बघत मान हलवावी. बोलत मी होते आणि ऐकलं तिचं जात होतं. बाबाही तिच्याकडेच बघत होते. डोंग्यात बसल्यापासून मी एखाद्या खिडकीसारखी झाले होते. त्या खिडकीतून सगळे पलीकडे पाहत होते.

मधल्या पाण्यात बांबू आडवा झाला. मी प्रश्न इंग्रजीत केला. साहेब म्हणाले, कुठल्याच काठचा नाही, मी समुद्राकाठचा. मी ते तिला सांगितलं.

पहिल्यांदाच ती अडकली. "मंग कोन जिंकलं मनून सांगू?" असं स्वतःशीच म्हणाली. बाबांकडे वळून तिने त्यांना वगळलं. मामाजी आमचेच, त्यायले कायले इचारू, असं काहीतरी. मग तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. इतक्या रविवारांत तिने मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. बाबांची मुलगी म्हणून मी त्यांच्या उत्तरातच धरलेली असायची.

"बाई, तुमी कोन्या काठच्या?"

डोंगा डुलत होता. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला लोकांसमोर बोलायला जड जातं हे बाबांना माहीत होतं. मला सोडवायला ते मध्ये पडले आणि तिला सांगू लागले, की ही आता कुठली, ही तर जबलपूरला चालली.

"मामाजी, तिले इचारलं मी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण बाबा थांबले. त्यांना असं कोणी थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि ती बांबू धरून उभी राहिली. तिला घाई कधीच नसायची.

"याच काठची," मी म्हणाले. मग, कुणी विचारलं नव्हतं ते, मराठीतच, बाबांकडे न बघता म्हणाले, "मला इथेच राहायचं आहे."

साहेबांनी कुतूहलाने मला विचारलं, काय ठरलं? मी त्यांना इंग्रजीत सांगितलं, आमची बाजू जिंकली.

"बस, झालं," ती म्हणाली आणि बांबू पाण्यात गेला. त्या दिवशी तिने वाळूपासून डोहापर्यंत आमच्या काठाला असं जिंकवलं की पलीकडचा एक घोडा शिल्लक ठेवला नाही. बाबा मागे मागे चालत होते. लढाईकडे त्यांचं लक्ष नव्हतं, हे मला पाठमोरीलाही कळत होतं. घरी आल्यावर त्यांनी बूट काढता काढता सांगितलं, की मुलींच्या शाळेत इंग्रजीला शिक्षिका हवी आहे असं कानावर आलंय. ते मराठीत म्हणाले. मावशीकडे जायचा विषय पुन्हा निघाला नाही.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर मला ती आवडायला लागली असेल. तसं झालं नाही. महिनाभर मला जे जमलं नाही ते तिने एका प्रश्नात माझ्याकडून काढून घेतलं होतं. बाबांच्या घरातली माझी जागाही मला तिच्या हातून मिळावी, हे मला फार दिवस सलत राहिलं.

पुढच्याच वर्षी ती सासरी गेली. लग्न लहानपणीच झालेलं, धाडायचं तेवढं राहिलं होतं. सासर पलीकडच्या काठाच्याही आत, डोंगराकडे. तोवर राज्यांची फेरवाटणी झाली होती. आमचा काठ मुंबई राज्यात आला, पलीकडचा मध्य प्रदेशातच राहिला. बाबांनी तिला चिडवलं, आता तर तू परमुलखातली, आता सांग कोन्या काठची?

"मी त डोंग्यातली, मामाजी," ती म्हणाली आणि लुगड्याच्या पदराने नाक पुसलं.

निरोप घेताना तिने मला बाजूला ओढलं. "इतवारी मामाजीले आनत जा बाई. लय एकटे रायतेत." मी मान हलवली. माझेच वडील ती माझ्या स्वाधीन करत होती, आणि मी ते मुकाट्याने घेत होते.

डोंगा आता तिचा चुलतभाऊ चालवतो. तो कोणाला काही विचारत नाही, सरळ नेतो नि आणतो. लोक येतात, चिंच बघतात, फोटो काढतात.

मी बाबांना नेते. पहिल्याच रविवारी मी ठरवलं की आता लढाई मी सांगायची. मला ती सगळी पाठ होती; कुठे थांबायचं, कुठे हात उचलायचा, सगळं. बेटावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं, त्यामुळे आवाजही निघाला. वाळूतली लढाई मी नीट सांगितली. गढीतले लोक वेळूच्या आडून कसे निघाले तेही सांगितलं. चिंचेखाली पोचल्यावर घोडेस्वार वळले, इथे ती एकदम खाली वाकायची, म्हणून मीही वाकले, आणि वर पाहिलं तर बाबा खोडाला टेकून झोपले होते.

टोपी मांडीवर, तोंड किंचित उघडं. ती सांगायची तेव्हा त्यांनी कधी साधी जांभईसुद्धा दिली नव्हती. मी तशीच अर्धी वाकलेली उभी राहिले. पुढे डोहाची लढाई बाकी होती.

चिंचेच्या फांद्यांतून ऊन सरकत त्यांच्या कपाळावर आलं. मी त्या बाजूला जाऊन बसले, माझी सावली त्यांच्यावर पडेल अशी. ऊन हललं की मीही थोडी हलत होते. ते घोरायला लागले.