क्राऊन-पिनियन बदललं, त्यानंतर

आमच्या पिकअपच्या मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसात, मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याच्या पोटात दोन दातेरी चाकं आहेत. मोठं क्राऊन, छोटं पिनियन. मोठ्याला एकेचाळीस दाते होते, छोट्याला आठ. एरवी हे मला कशाला माहीत असतं? पण त्या आठाचे नऊ झाले आणि बाबांचा एकुलता एक मित्र तुटला. माझ्यामुळे तुटला.

आम्ही माळी. अमरावतीच्या बाहेर आमचा मळा आहे. वांगी, मेथी, फुलकोबी. पूर्वी बाबा धारणीच्या आठवडी बाजाराला माल न्यायचे, मेळघाटाचा चढ चढून. गुडघे बोलायला लागले तसा त्यांनी घाट सोडला. उरली अकोल्याची फेरी, सगळा सपाट रस्ता. पण गाडी म्हातारी झाली होती आणि लिटरला बारा किलोमीटरच्या वर जात नव्हती. "इकून टाकतो," असं बाबा अधूनमधून म्हणू लागले. गाडी विकली की व्यापारी बांधावर येऊन त्यानंच ठरवलेल्या दरानं माल उचलणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

अकोल्यात मिस्त्रीकाकांचं पत्र्याचं गॅरेज होतं. माल उतरला की बाबा तिथं जायचे. दोघं एका डब्यात जेवायचे, अशी वीसेक वर्षं. काकांनी गाडी एक चक्कर चालवून आणली आणि उतरता उतरता म्हणाले, "माळीबुवा, इंजिनाले काहीच नाही झालं. हे घाटाचे दाते हायेत. चढावर जोर पायजे म्हून इंजिन जास्त फिरते. सपाटीवर कायले पायजे तेवढं? उगाच बोंबलत जाते बिचारी."

"मंग?"

"नऊ दात्यांच्या पिनियनची जोडी टाकू. तेवढ्याच चालीत इंजिन कमी फिरन, डिझेल कमी पिईन, बाराचे तेरा होतीन. पण भरली गाडी घाटात नेऊ नका मंग. रडन ते."

"घाट कायचा? मले घरचा जिना चढवत नाही," बाबा म्हणाले. दोघं पोट धरून हसले.

भंगारात निघालेल्या एका गाडीची जोडी काकांनी आणली. आम्हाला एकेक दाता दाखवला, कुठं झीज नव्हती. दोन दिवसांत काम झालं. रस्त्याला लागल्यावर इंजिनाचा आवाज खाली बसलेला मलाही कळला.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. आई भाजीवाल्या बायांच्या संघटनेचं काम करायची. सभा झाली की उरलेली पत्रकं घरी यायची, आणि मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. आडत्यानं काटा किती मारला, तोलाई म्हणून किती पैसे कापले, हे त्यांत आकड्यांनी मांडलेलं असे. माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागले. बाबांना वाचता येतं ते जेमतेम. तरी माझं प्रत्येक पत्रक ते गाडीच्या पुढच्या काचेशी ठेवायचे आणि बाजारात लोकांना दाखवायचे.

गाडीचा अॅव्हरेज काढायचं काम मी अंगावर घेतलं. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटर लिहून ठेवायचं, पुन्हा गळ्यापर्यंत भरली की भागाकार. साडेअकरा आलं. पुन्हा केलं, साडेअकरा. तिसऱ्यांदाही तेच. बाराचे तेरा होणार होते, ते घटले होते.

मी वही घेऊन गॅरेजवर गेले. बाबा मागे उभे होते.

काकांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीटर कमी दाखवून राहिलं, बाई. त्याची वायर गिअरबॉक्समधून येते, चाकातून नाही. मागचे दाते बदलले का मीटर चुकते. त्याची लहान गरारी, दात्यांची चकरी, मागवून ठेवली म्या, येईन. तोवर मीटर पाहू नका म्हून तुया बापाले सांगतलं होतं."

"म्हणजे मीटर खोटं आणि तुम्ही खरे?"

"व्हय."

त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं. पकडला गेलेला प्रत्येक आडत्या काटाच बिघडला होता म्हणतो, हे मी लहानपणापासून वाचत आले होते. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. भंगारातले दाते, घटलेला अॅव्हरेज, तीन वेळचा भागाकार, वर मीटरच खोटं असल्याची सबब. नाव घातलं नाही, पण गॅरेज कुठलं ते कुणालाही कळावं इतकं लिहिलं.

"राहू दे व पोरी," बाबा म्हणाले.

"तुमचा मित्र आहे म्हणून?"

ते क्रेट चढवायला लागले. मी पत्रकं अकोल्याच्या बाजारातल्या पिकअप स्टँडवर वाटली. ड्रायव्हर लोकांना खेळ मिळाला. "काय मिस्त्री, आज खरं बोलून राहिलं काय मीटर?" असं जाता-येता विचारू लागले. मग गाड्या आणायचे बंद झाले. बाबा माल उतरवून सरळ घरी येऊ लागले. काही महिन्यांनी गॅरेज बंद झाल्याचं कानावर आलं. मला तेव्हा आनंद झाला होता. लपवत नाही.

पुढच्या हिवाळ्यात एकदा मी बाबांबरोबर अकोल्याला निघाले. मूर्तिजापूरच्या अलीकडे वेळ जावा म्हणून रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत होते. दहा झाले तेव्हा मीटर नऊसुद्धा पुढे सरकलं नव्हतं. पुन्हा मोजले. तेच. मी मनातल्या मनात जुना भागाकार नव्यानं केला. लिटरला तेरा.

"बाबा, मीटर कमी दाखवतंय."

"मालूम हाय मले."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. डिझेल कमी लागून राहिलं होतं ना."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "कसं बोलू? तू लिहिलं होतं."

त्याच दिवशी आम्ही काकांना शोधलं. ते दुसऱ्याच्या टायरच्या दुकानात कामाला होते. बाबा रस्त्यापलीकडे गाडीतच बसून राहिले. मी जाऊन सांगितलं, चूक माझी होती, मी तसं छापते, नवं पत्रक काढते.

"नको," काका म्हणाले. "एक डाव हासले लोकं. पुन्हा वाचतीन, पुन्हा हासतीन. मले इथं काम करू दे."

टायर रिमवरून सुटत नव्हता. ते पहारीवर रेलून जोर लावत राहिले. मग पलीकडच्या गाडीकडे पाहत म्हणाले, "त्याले माहीत होतं काय? मी खरा होतो ते?"

"नाही," मी म्हणाले. लिहायला लागल्यापासून कुणाच्या तोंडावर जाणूनबुजून खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

काकांनी पहार काढली. "गाडी तो चालवते, बाई, डिझेलचे पैसे तो देते. मीटर तू पाहत होती," म्हणाले, आणि टायर उलटा करून दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली.

मी रस्ता ओलांडून गाडीत बसले. बाबांनी विचारलं, "काय म्हणे?"

"काही नाही."

"माह्याबद्दल इचारलं काय?"

मी मान हलवली, नाही म्हणून. बराच वेळ त्यांनी चावी फिरवली नाही. दुकानाकडे पाहत बसले. काका पाठमोरे होते. मग मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा निघालो.