क्वालालंपूरमधला रिकामा दिवस

ताईचं काही खरं नाही, येता आलं तर ये, असा भाच्याचा फोन आला तेव्हा मी मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या आमच्या घरी वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होते. नवऱ्याने मिळेल ते तिकीट काढलं. मेलबर्नहून क्वालालंपूर, तिथून रात्री मुंबई, आणि मध्ये जवळजवळ अख्खा दिवस थांबायचं. दुसरं काही मिळतच नव्हतं. विमानात मी एवढंच म्हणत होते की ताईने आणखी थोडी कळ काढावी.

सकाळी क्वालालंपूरला उतरल्यावर फोन चालू केला. भाच्याचे बरेच मिस्ड कॉल होते. मी तिथेच, बाहेर पडणाऱ्या माणसांच्या वाटेत उभी राहून त्याला फोन लावला.

"मावशी, आई गेली," तो म्हणाला. "पहाटे, झोपेतच." मग जरा थांबून म्हणाला, "तुझ्यासाठी थांबायचं का? बाबा म्हणतात, तू सांगशील तसं करू."

मी विचारलं, बाबांनी काही खाल्लंय का. तो म्हणाला, काल दुपारपासून काही नाही, आणि तिच्या खोलीतून उठतही नाहीत. मला पुण्यात पोचायला दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडणार होती. तोवर ते तिच्या उशाशी तसेच बसून राहिले असते.

"थांबू नका," मी म्हणाले. "न्या तिला."

घरी कळवलं. नवरा म्हणाला, मी येऊ का. त्याच्या हातातून लेकीने फोन घेतला. "मम, जस्ट स्टे अ‍ॅट द एअरपोर्ट, ओके? डोन्ट गो एनीव्हेअर." मी हो म्हणाले. पण खुर्चीवर बसवेना. फोन आल्यापासून जी धावपळ चालली होती ती एकदम थांबली होती, आणि आता कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं. मी बॅग सामानघरात ठेवली आणि शहरात जाणारी ट्रेन पकडली.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. बँकेत नोकरी केली, पण खरा नाद पायी फिरण्याचा. कुठल्याही गावी गेलो की ती हॉटेलात बॅग टाकून आधी बाजारात जायची. खरेदीला नाही, नुसतं बघायला. एकदाच ती माझ्याकडे ऑस्ट्रेलियात आली. आमच्या एस्टेटमध्ये, म्हणजे एकसारख्या घरांच्या वसाहतीत, दूध आणायलासुद्धा गाडी काढावी लागते. रोज सकाळी ती फेरी मारायला निघायची आणि सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात म्हणून कंटाळून परत यायची. "अगं, इथली माणसं असतात कुठे?" असं तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं, घरात नाहीतर फ्रीवेवर. ती खूप हसली होती, पण परतीची तारीख आठवडाभर अलीकडे आणली.

क्वालालंपूरमध्ये माणसं होती. स्टेशनाबाहेर पडले तर फुटपाथवरच टेबलं मांडलेली, ऑफिसला निघालेल्या मुली उभ्याउभ्या खात होत्या, आणि रस्ता ओलांडायला मला तीनदा मागे फिरावं लागलं. घामाने कुडता पाठीला चिकटला. एका कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात मी बसले. उंचावरून ओतून फेसाळलेला चहा आला, गोडमिट्ट. शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजींनी इंग्रजीत विचारलं, सुट्टीवर आलात का. मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? एकट्याच? हो. मग त्यांनी मला नदीकडचा रस्ता सांगितला, जुन्या बाजारात जा म्हणाल्या, आणि ऊन फार आहे, छत्री घ्या म्हणाल्या. कुणीतरी आपल्याला सुट्टीवर आलेली समजतंय, याचं मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

तिथून पुढच्याच रस्त्यावर फुलांची दुकानं होती. तमीळ बायका पाटावर बसून हार करत होत्या. मोगऱ्याचा वास आला आणि मी थबकले. एक बाई हसून उठली, गजरा कापला आणि मी काही बोलायच्या आत माझ्या केसांत माळून मोकळी झाली. अशा दिवशी फूल माळत नाहीत, हे मला माहीत होतं. पण त्या बाईचा हात माझ्या मानेला लागला, आणि आदल्या दिवसापासून मला कुणी हात लावलेला नव्हता. मी पैसे दिले आणि तशीच पुढे गेले.

दिवसभर चालले. जुन्या बाजारात बाटिकची कापडं बघितली, एका म्हाताऱ्याला किल्ल्या घडवताना बघत उभी राहिले. इथलं घड्याळ पुण्याच्या पुढे. तिकडे या क्षणी काय चाललं असेल याचा हिशेब मी करू पाहत होते आणि सोडून देत होते. भूक लागली तेव्हा केळीच्या पानावर भात घेतला. अर्धा खाल्ला. वाढणाऱ्याला वाटलं मला तिखट लागलं. त्याने न मागता ताक आणून ठेवलं.

शहराच्या मध्यावर दोन नद्या मिळतात, तिथे कठड्याला टेकून उभी असताना भाच्याचा मेसेज आला. 'झालं सगळं मावशी. बाबा ठीक आहेत.' मी तो पुन्हापुन्हा वाचला. मग केसांतला गजरा काढला. टाकवेना, म्हणून कठड्यावर ठेवला. माझ्या मागे दोन पोरी एकमेकींचे फोटो काढत होत्या. त्यांनी मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. मी बाजूला झाले.

संध्याकाळी एअरपोर्टवर परतले. तिथे पैसे भरून आंघोळ करता येते. अरुंद खोली, भिंतीला साबणाची बाटली. स्मशानातून आल्यावर घेतात तसं मी डोक्यावरून पाणी घेतलं, आणि तिथे मला रडू आलं. पाण्याच्या आवाजात बाहेर काही ऐकू गेलं नसेल. बऱ्याच वेळाने कुणीतरी दार वाजवलं. "सॉरी, नो वरीज, येतेच," असं मी अर्धं मराठीत बोलून गेले.

पुण्याला पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. ताईच्या खोलीतला पलंग काढून टाकलेला. भावोजी भिंतीला टेकून सतरंजीवर बसले होते. येणारा प्रत्येक जण तेच बोलत होता, सुटली बिचारी, आणि ते मान हलवत होते. मी त्यांच्याजवळ बसले.

"काल दिवसभर काय केलंस गं तिथे?" त्यांनी विचारलं.

मला संकोच वाटला. "फिरले," मी म्हणाले. "नुसतीच. शहर बघत."

"सांग," ते म्हणाले.

मी हळू आवाजात सांगायला लागले. स्टेशन, फुटपाथवरची टेबलं, रस्ता ओलांडताना झालेली फजिती. ते ऐकत होते. चहाच्या दुकानापर्यंत आले तेव्हा ताईच्या बँकेतल्या दोन मैत्रिणी आल्या आणि मला थांबावं लागलं. त्या बसल्या, रडल्या, भावोजींनी त्यांच्यापुढेही मान हलवली. त्यांना दारापर्यंत पोचवून मी परत आले तर भावोजी माझीच वाट बघत होते.

"चहापर्यंत आली होतीस," ते म्हणाले.