दुखानचे बर्फाचे कपडे

शैलजाकडे चार माणसांचे बर्फातले कपडे होते. जाकिटं, जाड विजारी, बूट, हातमोजे, कानटोप्या. तिच्या घरातल्या चौघांपैकी एकानंही ते कधी अंगाला लावले नव्हते. कतारमधल्या निम्म्या मराठी घरांनी मात्र लावले होते.

नऊ वर्षांपूर्वी जॉर्जियातल्या गुदौरीला जायचं ठरलं होतं. डोंगरातलं बर्फाचं गाव, दोह्याहून तीन-साडेतीन तासांचं विमान आणि पुढे दोन तास गाडी. कपडे आणून झाले आणि तिच्या नवऱ्याच्या, पोपटरावांच्या प्लँटचं दुरुस्तीचं शटडाउन लांबलं. रजा रद्द. कपडे लेबलासकट कपाटात गेले. मग शेजारची चैत्राली म्हणाली, "काकू, नुसते पडलेत तर आम्ही नेऊ का?" तिनं नेले आणि त्यानंतर लेबलं राहिली नाहीत.

शैलजा राहायची ते दुखान म्हणजे दोह्यापासून तासाभराचा वाळवंटी रस्ता. शैलजाच्या घरच्या गणपतीला, पोपटरावांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला ज्यांना हा रस्ता लांब पडला, त्यांना ईदची सुट्टी जवळ आली की तो बरोबर सापडायचा. दोन-दोन वाट्या पोहे खायचे, "तुमच्या हाताला काय चव आहे काकू" म्हणायचं आणि डिकी भरून जायचं. परत देताना कपडे धुतलेले नसत. "ड्रायक्लीनला टाकणारच होतो, पण म्हटलं, तुमची काही वेगळी पद्धत असेल."

पद्धत होतीच. आधी खिसे उलटे करायचे. गुदौरी न पाहिलेल्या शैलजाला गुदौरी पाठ झालं ते या खिशांमुळे. तारेवरून डोंगरावर जाणाऱ्या पाळण्यांची तिकिटं, हॉटेलांच्या पावत्या, भाड्याच्या दुकानांच्या चिठ्ठ्या, कुठला तरी छापील नकाशा आणि एकदा अर्धी बाकरवडी. फेसबुकवर छाती पुढे काढून स्कीच्या पट्ट्यांवर उभ्या राहिलेल्या सुशांतनं त्या पट्ट्या एकच तास भाड्यानं घेतल्या होत्या, हे तिला चिठ्ठीवरून कळलं. तासातली चाळीस मिनिटं बूट घालण्यात गेली असणार. त्याच्या बायकोनं मात्र पुढे वर्षभर प्रत्येक हळदीकुंकवात "आमच्यात सुशांतला स्कीइंगचं फार वेड" असं सांगितलं.

चैत्रालीनं तर कमालच केली. एकदा जुलैत गेली. बर्फाचं गाव म्हणजे तिथं बारा महिने बर्फ, असा तिचा हिशेब. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तिनं चारही जाकिटं नेली. परत आली तेव्हा बुटांत कुसळं आणि खिशात घोड्यावरच्या फेरफटक्याची पावती, वर वाळलेली पिवळी फुलं.

"बर्फ होता का गं?" शैलजानं विचारलं.

"होता ना काकू. पण वर. खूप वर."

शैलजाला त्या गावाचंही फार कौतुक उरलं नव्हतं. गाव कसलं, हॉटेलांची रांग. थंडीत बर्फ विकायचा, उन्हाळ्यात गवत विकायचं, आणि ज्याला दोन्ही नको त्याला छत्री बांधून कड्यावरून ढकलायचं. दुकान बारा महिने उघडं. तरीही तिला जायचं होतं. दुसऱ्यांच्या खिशांतून पाहिलेलं एकदा आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

आणि आता शेवटची संधी होती. पोपटराव जूनमध्ये निवृत्त होणार, कतारचा रेसिडन्स परवाना रद्द होणार, बस्तान सिन्नरला हलणार. तिथून गुदौरी कुठलं? मार्चच्या ईदची तिकिटं निघाली. मुलं पुण्याला, त्यामुळे दोघंच.

तिकिटं निघाल्यावर कपाट उघडलं तर मोठी दोन्ही जाकिटं तेजश्रीकडे. "सहज, मापं बघायला" म्हणून तीन आठवड्यांपूर्वी नेलेली. तेजश्री म्हणजे दोह्यातल्या अल नस्रच्या फ्लॅटमधली पुण्याची मुलगी, नवरा वरुण आयटीत. शैलजानं फोन केला.

"अय्या काकू, तुम्ही पण? त्याच आठवड्यात?" तेजश्री म्हणाली. "पण तुम्ही काही वर जाणार नाही ना? खाली कॅफेत बसाल. तिथं हीटर असतात. आणि सगळं तर तुम्ही आमच्या फोटोत पाहिलंयच!"

शैलजानं फोन ठेवला.

"जाऊ दे," पोपटराव म्हणाले. "तिथं भाड्यानं मिळतात की."

"नऊ वर्षं गावाला फुकट जाकिटं पुरवली, आणि मी भाड्याचं घालू? चला, गाडी काढा."

पोपटराव अल नस्रला खाली गाडीतच बसले. असल्या प्रसंगी त्यांना पार्किंग मिळत नसे.

दार तेजश्रीनं उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. आत वरुणची आई, शोभाताई, पुण्याहून आलेल्या, हॉलमध्ये आरशासमोर उभ्या होत्या. एसी सोळावर, अंगात शैलजाचं नारिंगी जाकीट, कपाळावर घाम.

"या, या! तुम्ही दुखानच्या शैलजाताई ना?" त्या वळल्या. "कसं दिसतंय? तेजश्रीनं खास माझ्यासाठी घेतलं. मी म्हटलं, कशाला एवढा खर्च? तर म्हणते, आई, तुम्ही पहिल्यांदा बर्फात जाणार, दुसऱ्याचं कशाला घालायचं?"

तेजश्री सासूच्या पाठीमागून डोळ्यांनी विनवत होती. हात जोडायचेच बाकी होते. क्षणभर शैलजाला तिची कीव आली. मग आठवलं, कॅफे, हीटर, "तुम्ही पण?"

"छान दिसतंय," शैलजा म्हणाली. "पण ते माझं आहे. मी न्यायला आलेय."



"काकू, आपण नंतर बोलू या का?" तेजश्री पुटपुटली.

"नंतर मी गुदौरीत असेन."

शोभाताईंनी सुनेकडे पाहिलं. त्या पाहण्यात पुढच्या पंधरा दिवसांची सगळी बोलणी मावली होती. मग त्या शैलजाकडे वळल्या. "आणि मी काय घालू?"

"गुदौरीत मोठ्या रस्त्यावर भाड्याची दोन दुकानं आहेत. पहिल्यात जाऊ नका, ते ओले बूट देतात. दुसऱ्यात जा, पाळण्याच्या तिकीटखिडकीशेजारी. सकाळी नऊच्या आत गेलात तर मापाचं मिळेल."

"तुम्हाला बरंच माहीत आहे. किती वेळा गेलात?"

"एकदाही नाही."

शोभाताईंनी चेन खाली ओढली, जाकीट काढलं, घडी घातली आणि दोन्ही हातांनी शैलजाला दिलं. पोपटरावांचं निळं तेजश्रीनं आतून आणून सोफ्यावर टाकलं. चहाचं कुणी विचारलं नाही. लिफ्टचं दार लागेपर्यंत शैलजाला आतला शोभाताईंचा आवाज ऐकू येत होता: "खास माझ्यासाठी, काय गं?"

गाडीत बसताच पोपटरावांनी विचारलं, "दिलं का?"

"काढून घेतलं."

"अगं, म्हातारीच्या अंगावरून?"

"म्हातारी? माझ्याहून दोन वर्षांनी लहान असेल. आणि वेताच्या छडीसारखी आहे."

सिग्नलला गाडी थांबली. शैलजानं जाकीट उलगडलं आणि तिथंच, सीटबेल्ट काढून, अंगात घातलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बाह्या चढल्या. खांदेही बसले. मग तिनं चेन लावायला घेतली. ती बेंबीपर्यंत आली आणि थांबली. शैलजानं श्वास रोखला, पोट आत ओढलं, पुन्हा ओढलं. चेन हलेना.

पोपटराव समोरच्या लाल दिव्याकडे फार लक्ष देऊन पाहत होते.

"तिथं भाड्यानं मिळतात म्हणालो होतो," ते हळूच म्हणाले. "पाळण्याच्या खिडकीशेजारी का कुठं."

शैलजानं चेन आणखी एकदा वर ओढून पाहिली.

"मग हे परत देऊन येऊ या का त्यांना? आलोच आहोत तर..."

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न मारला.

"यल्ला," शैलजा म्हणाली, "चला पुढे."