देवदूताची बंदूक कोणाकडे

भिंती रंगवणाऱ्याकडे किस्से आपोआप जमतात. डब्याच्या कडेला रंग वाळून थर चढतो, तसे. आम्ही तिघं. मी, पाट्यांची अक्षरं काढणारा गौतम, आणि फुलं-पक्षी काढणारा किसन. गोरेगाव या आमच्या बाजारगावात एका शटरात आमचं दुकान. मी चौथीपर्यंत शिकलो. पण माझ्या भिंतीवर अजून कोणी चुना फिरवलेला नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

गोरेगावाच्या पुढे एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथं अजून माझं जाणं-येणं आहे. गावच्या चौकात पत्र्याचं एका खोलीचं चर्च. फादर केरळचा, हिंदी बोलणारा. त्यानं एक झेरॉक्स आणली आणि म्हणाला, नाताळाच्या आत हे बाहेरच्या भिंतीवर पाहिजे.

आम्ही बघितलं. देवदूत होता. पाठीला पंख, डोक्यावर पिसांची टोपी, अंगात झालरींचा कोट. आणि हातात लांब नळीची बंदूक.

गौतम म्हणाला, “फादर, देवदूताला बंदूक काहून?”

फादरनं सांगितलं ते असं. तीन-चारशे वर्षांपूर्वी स्पेनचे लोक पेरू नावाच्या डोंगराळ मुलखात राज्य करत होते. तिथल्या चिताऱ्यांना त्यांनी देवदूत काढायला लावले. चिताऱ्यांनी देवदूत कुठं बघितला होता? ज्याच्यापुढं सगळे झुकतात असा त्यांनी एकच बघितला होता, बंदूकवाला साहेब. तोच काढला आणि पंख लावले.

गौतमनं झेरॉक्स हातात घेतली. मग म्हणाला, “म्हणजे आपल्यासारखेच होते.”

*

झेरॉक्स काळी-पांढरी. रंग कोणते लावू, विचारलं. फादर म्हणाला, त्या चिताऱ्यांनाही बिनरंगाचीच छापील चित्रं देत. त्यांनी मनाचे रंग लावले, तुम्हीही लावा.

त्याला काय जातं बोलायला. गावात निवडणूक तोंडावर होती. कोटाला निळा लावला, तर दुपारपर्यंत दोघं विचारून गेले. भगवा लावला, दुसरे दोघं आले. हिरव्याचा डबा किसननं नुसता उघडला, तर पारावरची माणसं उठून उभी राहिली. त्यानं झाकण लावलं.

शेवटी मी हळदीचा पिवळा लावला. आमच्याकडे हळद सगळ्यांच्याच रानात आहे. कोणी काही बोललं नाही.

*

पंख किसनकडे होते. त्यानं समोर दिसली ती कोंबडी बघून काढले. फादर आला, बघत राहिला, आणि हळूच म्हणाला, “ये उड़ेगा क्या?”

किसन म्हणाला, “उडायची काय गरज? बंदूक हाय ना.”

हसणं तेवढंच. तिथून पुढे कोणी हसलं नाही.

*

चर्चच्या डाव्या हाताला सरपंचाचं घर. उजव्या हाताला त्याच्या चुलतभावाचं, तो माजी सरपंच. मागच्या निवडणुकीत दोघांच्या माणसांची डोकी फुटली होती. तेव्हापासून बोलणं बंद.

झेरॉक्समध्ये नळी डावीकडे होती, मी डावीकडे काढली. संध्याकाळी सरपंच आला. आवाज चढवला नाही.

“पेंटर मामा, ही माझ्या दारावर धरायला कोणी सांगितलं?”

कोणी नाही म्हटलं. त्याला पटलं नाही. फादरचं भलं बघून मी नळी उजवीकडे फिरवली. सकाळी माजी आला. तोच सवाल, फक्त सोबत चार माणसं जास्त.

वर करावी, तर मागे देवळाचा कळस. खाली करावी, तर देवदूताच्याच पायावर. किसन म्हणाला, “सरळ समोर धरू. समोर रस्ता हाय. रस्ता कोणाचाच न्हाई.”

मला बराबर वाटलं. नळीचं लांबट अंग पुसलं आणि रुपयाएवढं काळं गोल तोंड काढलं.

*

कॅलेंडरातल्या देवाचे डोळे जसे माणसामागे फिरतात, तसं ते तोंड फिरायला लागलं. सरपंच आपल्या ओट्यावरून म्हणे माझ्याकडे. माजी आपल्या ओट्यावरून म्हणे माझ्याकडे. चहावाल्यानं गाडा हलवला, तरी त्याच्याकडेच.

निकाल लावायला पोलीस ठाण्यातला जमादार आला. डावीकडे उभा राहिला, उजवीकडे उभा राहिला. खाली बसून बघितलं. मग उठून टोपी नीट केली.

“तुमचं दोघांचं काही न्हाई,” तो म्हणाला. “ही माझ्याकडं हाय. पुसून टाका.”

*

दुसऱ्या दिवशी सरपंच आणि माजी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, एका विचाराचे झाले. चुना लावायचा. एकानं बादली पाठवली, दुसऱ्यानं कुंचा. सगळं गाव चौकात. फादर दाराशी हात जोडून उभा.

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. देवदूताच्या कोटाचा दुसरा हात अजून ओला होता, माझा सदरा पिवळा झाला. गौतम आणि किसन दोन बाजूंना उभे राहिले.

“बाजूला व्हा, मामा,” सरपंच म्हणाला.

“न्हाई.”

“तुमच्यावर हात टाकायची इच्छा न्हाई आमची.”

“मग नका टाकू.”

कुंचा चुन्यात बुडला. तेवढ्यात सोनाबाई आली. तांड्यावरची, चर्च झाडून काढणारी. नवरा तिचा गर्दीतच उभा होता. तिनं झाडणी खाली ठेवली आणि मला कोपरानं सरकवलं. मी सरकलो. मग तिनं कपाळावरची मोठी लाल टिकली काढली.

सवाष्ण बाईनं भर चौकात कपाळ मोकळं केलं.

टिकली तिनं नळीच्या तोंडावर दाबून बसवली. काळं काही दिसेना.

“झाकली,” ती म्हणाली. “आता कोणावर बी न्हाई.”

सरपंच दोन पावलं डावीकडे गेला. माजी दोन पावलं उजवीकडे. दोघांनी बघितलं. कुंचेवाला दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. बादलीतला चुना शेवटी शाळेच्या ओट्याला लागला.

*

उन्हाळ्यात वॉर्निशचा हात मारायला मी एकटाच गेलो. भर दुपार, चौकात चिटपाखरू नाही. भिंतीपाशी मात्र सरपंच उभा. टाचा उंचावून देवदूताच्या बंदुकीवर अंगठा दाबत होता. सदऱ्याच्या खिशातून टिकल्यांचं पाकीट डोकावत होतं.

मी खाकरलो. तो दचकला नाही. अंगठाही काढला नाही.

“लहान उडून जाती वाऱ्यानं,” म्हणाला. “मोठी आणली.”