खोडायला सांगितलेली गाठ

मित्रांनो, दुपारपासून मन ठिकाणावर नाही.

परतूरला माझ्या चित्रकलेच्या वर्गात आज मानवाकृतीचा सराव होता. आमचे शिपाई किसनमामा बनियनवर समोर बसले होते. प्रज्ञा या विद्यार्थिनीने चित्रात त्यांच्या गळ्याच्या हाडावर फुगवटा काढला.

"तिथं स्नायू नसतो. खोड," मी म्हणालो.

"सर, पुस्तकात नका बघू, मामांकडं बघा."

बघितलं. गाठ होती. रोज त्यांच्या हातचा चहा घेतो, कधी दिसली नव्हती.

"मामा, कधीपासून?"

"दिवाळीपासून. दुखत न्हाई, मंग कशाला दाखवायची?" ते हसले.

वर्ग संपताच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर हसले नाहीत. गाठ चाचपून म्हणाले, "उद्याच मोठ्या दवाखान्यात न्या."

परतताना मामांनी विचारलं, "सर, घरी काय सांगू?"

मित्रांनो, तुम्ही काय सांगितलं असतं?