भाऊंची पिपाणी

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक भाऊ राहतात, जॅझच्या तबकड्या आणि सीड्या जमवणारे. तबकडी धरतात कशी, तर तळलेला पापड मोडू नये म्हणून आपण धरतो ना, तशी कडेकडेने. बोलतात अर्धंच. कुणी वाद घातला की "असो" म्हणून गप्प.

गेल्या आठवड्यात त्यांची बायको दवाखान्यात, आणि भरदुपारी यांच्या घरातून ट्रम्पेट! माझं डोकंच फिरलं. दार उघडंच होतं. बघते तर हे स्पीकरसमोर मोबाइल धरून बसलेले. मला बघून ओठांवर बोट ठेवलं. मी कसली थांबतेय! "अहो, बायको तिकडे सलाईनवर, आणि तुम्ही पिपाण्या कसल्या वाजवताय? लाज वाटते का जराशी?"

"असो," म्हणाले.

काल दवाखान्यात भेटायला गेले, तर वहिनींनी आपला हेडफोन माझ्या कानाला लावला. आधी ट्रम्पेट, आणि मागोमाग माझाच आवाज, पिपाण्यांसकट!

"ती सीडी कॉपीच होऊ देत नाही हो ताई," भाऊ पुटपुटले. "विकत घेतलीय, तरी मला चोर समजते. म्हणून हिच्यासाठी स्पीकरवरून मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून घेतलं. नंतर परत चांगलं घेतलंय, पण..."

"मला हेच हवं," वहिनी हसत म्हणाल्या. "तुम्ही ओरडलात की घरी असल्यासारखं वाटतं."

मी मेली मान खाली घालून त्यांच्या चादरीच्या सुरकुत्या नीट करत बसले.