एका डॉलरचं घर आणि पूर्वेचं दार

"ताई, आम्ही घर घेतलं. एका डॉलरला!"

मधूचा हा फोन आला तेव्हा मी टोरांटोत, नॉर्थ यॉर्कच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. इथे एका डॉलरला कॉफीसुद्धा मिळत नाही, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला कुणीतरी चांगलंच गंडवलं, अशी माझी खात्री पटली. मी तिला फैलावर घेतलं.

"अगं, ऐकून तर घे. फक्त घर घेतलंय, जमीन नाही. जमीन गावात वेगळी घेतली. घर चाळीस किलोमीटरवर शेतात आहे. ते शनिवारी ट्रकवरून येणार."

घर येणार! पाहुण्यांना न्यायला स्टेशनवर जावं तसं आपण घराला आणायला जायचं! मी त्याच संध्याकाळी माझी आणि माझ्या लेकीची, इराची, तिकिटं काढली.

तर ही कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या एका छोट्या गावाची गोष्ट. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे एक खोली रिकामी झाली की दारात रांग लागते, त्यात तुमची भर नको. गावात मांस पॅक करण्याचा एक मोठा कारखाना आहे. तिथे काम मिळतं म्हणून फिलिपिन्स, इथिओपिया, युक्रेन, मेक्सिको, झालंच तर आपलं सांगली, असे सगळीकडून लोक आलेत. कामं भरपूर, घरं मात्र होती तेवढीच. मधूचा नवरा सचिन त्याच कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. मधू वृद्धाश्रमात केअर एड आहे, म्हणजे म्हाताऱ्यांचं हवं-नको बघते. पाच वर्षं दोघं एका बेसमेंटमध्ये राहिली. त्याची एकुलती खिडकी गवताच्या उंचीवर, म्हणजे नोव्हेंबरात बर्फ पडला की थेट एप्रिलपर्यंत बंद. आता मधूला सातवा महिना लागला होता आणि तिचा एकच हट्ट होता, बाळ बेसमेंटमध्ये आणायचं नाही.

घर दिलं ओल्गाबाईंनी. वय नव्वदीच्या आसपास, मूळ युक्रेनियन घराणं, मधूच्याच वृद्धाश्रमात राहतात. त्यांची शेती शेजाऱ्याने विकत घेतली. त्याला जमीन हवी होती, घर तो पाडणार होता. बाई मधूला म्हणाल्या, तूच घेऊन जा. अट एकच, दार पूर्वेलाच राहिलं पाहिजे. लग्न होऊन आल्यापासून त्या रोज सकाळी दाराच्या पायरीवर उन्हात बसून कॉफी प्यायच्या. इकडे सांगलीहून आमच्या आईने, ओल्गाबाईंबद्दल काहीही माहीत नसताना, फोनवर बजावलं होतं, "दार पूर्वेला नसेल तर मी वास्तुशांत मानणार नाही." सचिन म्हणाला, दोन म्हाताऱ्यांपुढे मी कोण!

शुक्रवारी सकाळी निघालो. टोरांटो ते रेजायना विमानाने साडेतीन तास, मग भाड्याची गाडी. विमानतळावरची गाडी आधी बुक करा, आणि शहर सोडण्यापूर्वी पेट्रोलची टाकी भरा, कारण पुढे मैलोन्‌मैल फक्त कापलेली शेतं आणि आभाळ आहे. रस्ता इतका सरळ, की स्टिअरिंग धरायचं ते केवळ रीत म्हणून. "आई, देअर इज लिटरली नथिंग हिअर," असं इरा तीनदा म्हणाली. चौथ्यांदा म्हणायच्या आत रस्त्याकडेला हरणांचा कळप दिसला आणि ती खिडकीला चिकटली. दिवस मावळताना ही हरणं रस्त्यावर येतात, तेव्हा उजेडातच पोहोचा.

गावात एकच मोटेल. तेही आठवडाआधी फोन करून घ्या, निम्म्या खोल्यांत कारखान्याचे नवे कामगार असतात. खाण्याची मात्र चंगळ आहे. शुक्रवारी चर्चच्या तळघरात युक्रेनियन आज्या बटाट्याचे पेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, विकतात, वरून परतलेला कांदा. पेट्रोल पंपाच्या दुकानात एक इथिओपियन बाई इंजेरा देते, आपल्या आंबोळीची मोठी आंबट बहीण. मी दोन्ही खाल्लं आणि वर मधूच्या हातचं थालीपीठही खाल्लं. तिने बेसमेंटचं सामान आधीच बांधलं होतं, तवा तेवढा बाहेर होता.

"उद्या घर बसलं नाही तर?" मी विचारलं.

"तर वसंतात," मधू म्हणाली. "रस्त्याचं परमिट उद्या सूर्यास्तापर्यंतच आहे. नंतर जमीन गोठायला लागते, डग दुसरी कामं घेत नाही." डग म्हणजे घरं हलवणारा माणूस. तिने पोटावर हात ठेवला आणि हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही गावाबाहेर हायवेवर उभे राहिलो. लांबून आधी लुकलुकणारे पिवळे दिवे दिसले, आणि त्यांच्यामागून, शपथेवर सांगते, एक पांढरं घर हिरव्या छपरासकट चालत आलं. खिडक्या जागच्या जागी. स्वयंपाकघराचा फुलाफुलांचा पडदासुद्धा तसाच. डग वीतभर दाढी असलेला शांत गडी, पोरगं झोपलंय अशा बेताने ट्रक चालवत होता. पुढे वीज कंपनीची माणसं काठ्यांनी तारा उचलत होती. मी टाळ्या पिटल्या, नाचले, रडले, सगळं एकाच वेळी. इरा म्हणाली, "आई, प्लीज, पीपल आर वॉचिंग." बघत होतेच! अख्खं गाव खुर्च्या घेऊन रस्त्याकडेला बसलं होतं. मी घराबरोबर चालत निघाले. घराच्या वेगाने चालणं आयुष्यात एकदा तरी करावं असं आहे.

वृद्धाश्रमासमोर डगने ट्रक थांबवला. कुणी सांगितलं नव्हतं. ओल्गाबाई म्हणाल्या होत्या की मी बघणार नाही, पण व्हीलचेअरवर खिडकीशी होत्याच. काच उघडून त्यांनी मधूला हाक मारली. मला वाटलं, आता बाई रडणार.

"तो पडदा धुतला नाहीस," त्या म्हणाल्या.

"उद्या धुते," मधू म्हणाली, आणि रडली ती मधूच.

दुपारी दोनला घर प्लॉटपाशी आलं आणि तिथे घोटाळा झाला. या गावात, किंबहुना या अख्ख्या प्रांतात, घराचं दार रस्त्याकडे असतं. मधूच्या प्लॉटचा रस्ता पश्चिमेला. पूर्वेला मागची गल्ली, जिथे लोक कचऱ्याचे डबे ठेवतात. सचिनने जोतं बांधताना पडवीची जागा पूर्वेला, कचऱ्याच्या डब्यांकडे, सोडली होती. डगला सांगितलंही होतं की दार मागच्या बाजूला येणार. डगला तो विनोद वाटला. त्याने नेहमीसारखं दार ट्रकच्या तोंडाकडे ठेवून घर चढवलं होतं. रस्त्यावरून प्लॉटवर मागे रेटलं असतं तर दार रस्त्याकडे आलं असतं आणि पडवी जोत्याच्या बाहेर लोंबकळली असती.

"यू वेअर सीरियस?" डगने विचारलं.

"हंड्रेड पर्सेंट सीरियस," सचिन म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. "डग, माझी सासू आहे. आणि ओल्गा आहे."

डगने दाढी खाजवली. ओल्गाला तोही ओळखून होता. म्हणाला, एकच मार्ग आहे, घर मागच्या गल्लीतून आत रेटायचं, म्हणजे दार आपोआप पूर्वेला येईल. पण गल्ली अरुंद. ट्रक वळायला पलीकडच्या घराचं कुंपण आड येतंय. त्या कुंपणावर कारल्याचा भलामोठा मांडव होता, कारली लगडलेली. सूर्यास्ताला पाच तास उरले होते.

कुंपण लोर्नाचं. लोर्ना फिलिपिनो, सचिनच्याच शिफ्टला असते, आठवड्याच्या सुट्टीत त्या मांडवाखाली बसते. मधूने अवघडून विचारायला तोंड उघडलं. लोर्ना आधी घराकडे बघत राहिली, मग मधूच्या पोटाकडे, मग आपल्या कारल्यांकडे. कारल्यांकडे जरा जास्तच वेळ.

"कारली आधी काढायची," ती शेवटी म्हणाली. "सगळी. एकही ट्रकखाली जाता कामा नये."

मग जे झालं त्याला मी काय म्हणू! खुर्च्या घेऊन बसलेलं गाव खुर्च्यांसकट मागच्या गल्लीत आलं. कारखान्याची पहिली शिफ्ट सुटली होती, ती माणसं तशीच आली. पेट्रोल पंपाची इथिओपियन बाई परात घेऊन आली. इरा आणि मी कारली तोडत होतो. घरात कारल्याचं नाव काढलं की पळणारी माझी लेक ओंजळी भरभरून परातीत टाकत होती आणि ओरडत होती, "केअरफुल, दोज आर लोर्नाज!" सचिन आणि इतर सहा जण फळ्या उपसत होते. चारला कुंपण आडवं झालं. डगने घर वळणावरून माघारी नेलं, गल्लीत घातलं, आणि मग इंचाइंचाने मागे रेटायला सुरुवात केली. एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला लोर्नाचं गॅरेज, दोन्हीकडे वीतभर जागा. मधू माझा हात इतका घट्ट धरून होती की अंगठी रुतली.

सूर्य रस्त्यापलीकडच्या छपरांना टेकला तेव्हा पडवी जोत्याच्या खाचेवर आली. डग खाली उतरला, वाकून पाहिलं, आणि म्हणाला, "येप."

एवढंच! त्या एका शब्दावर गल्लीत जो जल्लोष झाला, तो मी कुठल्याही वरातीत पाहिलेला नाही. मधू जोत्याला टेकून मटकन खाली बसली आणि पोटाला म्हणाली, "बघितलंस?"

रविवारी सकाळी सातला आईला व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत तेव्हा दिवेलागण. घर अजून ओंडक्यांवर टेकवलेलं, पायऱ्या नाहीत, म्हणून कलश शिडीने चढवला. आईने फोनमधूनच दार कुठल्या बाजूला आहे ते खात्री करून घेतलं. नैवेद्याला शिरा आणि लोर्नाने केलेली कारल्याची अंड्यातली भाजी. अंड्याचं आईला सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आता नॉर्थ यॉर्कला परत येऊन अडीच महिने झाले. मधूचे फोन येत असतात. पिझ्झावाला घराला तीन फेऱ्या मारतो, त्याला दारच सापडत नाही. लोर्नाने कुंपण परत घातलं, पण दोन फळ्या मोकळ्या ठेवल्या, जायला यायला. खरं सांगायचं तर मी पाच वर्षं मधूला म्हणत होते, त्या ओसाड गावात काय आहे, टोरांटोला ये. हल्ली म्हणत नाही.

काल तिने व्हिडिओ पाठवला. ओल्गाबाईंना पहिल्यांदा घरी आणलं होतं. बाहेर बर्फ, म्हणून पायरीऐवजी उघड्या दाराच्या आत खुर्ची, गुडघ्यांवर गोधडी, हातात कॉफी. बाईंच्या कुशीत तेरा दिवसांची माझी भाची, नाकापर्यंत गुंडाळलेली. धुतलेला पडदा मागे दिसतोय. लोर्नाच्या गॅरेजवरून ऊन आलं आणि बाळाच्या कपाळावर पडलं. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"शेतावर लवकर यायचं," त्या कुरकुरल्या. मग बाळाचं तोंड उन्हाकडे वळवलं.

इराने तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. मग विचारलं, "आई, आपलं दार कुठे फेस करतं?"

मी सतराव्या मजल्यावरच्या आमच्या दाराकडे पाहिलं.

"लिफ्टकडे," मी म्हणाले.